मराठवाड्यातील डॉक्टरेटची वाट : सोनारीच्या निमित्ताने

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव तेथील काळभैरवनाथामुळे प्रसिद्ध आहे. पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील वीर येथे म्हस्कोबाचे जे देवस्थान आहे, त्याच्या उत्पत्तिकथेत सोनारीचे नाव येते. कमळाजी नावाचा धनगर भक्त सोनारीच्या भैरवनाथाची सेवा करीत असे आणि त्याच्या भक्तीमुळे देवच त्याच्या मागोमाग वीरच्या रानात येऊन राहिला, अशी ती कथा आहे. धनगरांच्या ओव्यांतून आणि कथनांतून चालत आलेली ही परंपरा हायडेलबर्ग विद्यापीठाच्या गुंथर सोंथायमर यांनी अभ्यासिली. बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मन भाषेत आणि १९८९ साली इंग्रजी भाषांतराच्या रूपाने प्रसिद्ध झाला. सोनारीची कथा अशा रीतीने जर्मनीतील ग्रंथालयात जाऊन पोहोचली. सोंथायमर यांचे ऋण मराठी अभ्यासकांनी मुक्तकंठाने मान्य केले आहे आणि ते योग्यच आहे. तथापि त्या निमित्ताने एक प्रश्न उपस्थित होतो. सोनारीतच वाढलेल्या, ही कथा घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला तिच्यावर पीएच्.डी.साठी प्रबंध लिहावयाचा असेल, तर त्याने कोठे जावे, कोणत्या भाषेत लिहावे आणि कोणाच्या मार्गदर्शनाखाली लिहावे? गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर वारंवार बदलत आले आहे. ज्याला डॉक्टरेटची ‘प्रवेशप्रक्रिया’ म्हणतात तिचे मर्म या बदलांच्या इतिहासात आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, म्हणजे प्रामुख्याने परीक्षा घेणारी संस्था म्हणून. अध्यापन महाविद्यालयांनी करावे, परीक्षा विद्यापीठाने घ्यावी आणि पदवी द्यावी, असा तो बेत होता. नव्या ज्ञानाच्या निर्मितीला त्यात जागा नव्हती. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन करण्याची मोकळीक मिळाली, तरी संशोधनाची व्यवस्था उभी राहण्यास आणखी काळ लागला. याचा अर्थ त्या काळी संशोधन होत नव्हते असा मात्र नव्हे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७७ मध्ये विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली, त्यांना पीएच्.डी. मिळाली ती १८८५ साली, गटिंगेन विद्यापीठाकडून आणि सन्मानार्थ. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना तर कोणत्याच विद्यापीठाने डॉक्टर केले नाही. बीडजवळच्या पाटांगण येथे मिळालेल्या ज्ञानेश्वरीच्या पोथीवरून त्या ग्रंथाच्या व्याकरणाचा जो विचार त्यांनी मांडला, त्याला ना मार्गदर्शक होता ना परीक्षक. राजवाड्यांच्या व्युत्पत्तींपैकी कित्येक आज टिकत नाहीत. त्या लिहिल्या जात असतानाच त्यांना हटकणारा कोणी समव्यवसायी शेजारी असता, तर त्यांतील काही छापल्याच गेल्या नसत्या. डॉक्टरेटच्या पद्धतीचे समर्थन करावयाचे झाल्यास ते या एका मुद्द्यावर पुरेसे होते.

ही पद्धत मूळची जर्मन. १८१० साली स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठात अध्यापन आणि संशोधन ही एकाच व्यक्तीची कर्तव्ये मानली गेली, आणि विद्यार्थ्याने प्राध्यापकाच्या परिषदेत बसून स्वतंत्र प्रबंध सिद्ध करावा हा प्रघात तेथून दृढ झाला. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ मध्ये पहिल्या पीएच्.डी. दिल्या. इंग्लंडने मात्र ही पदवी बराच काळ परकी मानली; ऑक्सफर्डने ती स्वीकारली १९१७ साली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या मराठी तरुणांना रीतसर डॉक्टरेट हवी होती त्यांच्यापैकी काहींनी इंग्लंड ओलांडून अमेरिकेची वाट धरली. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी कॉर्नेल विद्यापीठात भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहून १९११ साली पीएच्.डी. मिळविली. परत आल्यावर त्यांनी ज्ञानकोशाचे जे प्रचंड काम उभारले त्यात प्रबंधलेखनाची शिस्त जागोजागी दिसते.

पदवीच्या अटी विद्यार्थ्याच्या आयुष्यावर किती खोल परिणाम करतात, हे पाहण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम्.ए. झाले आणि १९१६ मध्ये तेथील काम आटोपून लंडनला निघाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा पैसा जमवून ते १९२० मध्ये लंडनला गेले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास तेथील डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच्.डी. मात्र अजून बाकीच होती. कारण प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात दाखल केल्यावाचून पदवी द्यावयाची नाही, असा तेथील नियम होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये छापला गेला आणि पदवी १९२७ मध्ये हाती आली. कोलंबियात पाऊल ठेवल्यापासून चौदा वर्षे! बुद्धीने, परिश्रमाने आणि मार्गदर्शकाच्या पसंतीने जे केव्हाच झाले होते ते छपाईच्या खर्चापाशी अडून राहिले. पुढे मराठवाड्याच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव मिळाले, हे लक्षात घेता प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने हा कालानुक्रम एकदा तरी डोळ्यांखालून घालावा.

भाषेच्या प्रश्नाची बाजू याहून निराळी आहे. मराठीच्या घडणीविषयीचा पहिला शास्त्रशुद्ध विद्यापीठीय प्रबंध मराठीत लिहिला गेला नाही, इंग्रजीतही नाही. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने तो १९१४ साली पॅरिसमध्ये सिद्ध केला आणि महायुद्धानंतर, १९२० मध्ये, तो ग्रंथरूपाने निघाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेले त्याचे भाषांतर ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने १९४१ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे मराठीखेरीज दुसरी भाषा न जाणणाऱ्या वाचकाला स्वभाषेचा इतिहास वाचण्यासाठी मूळ ग्रंथानंतर एकवीस वर्षे थांबावे लागले. योगायोगाने पुढच्याच वर्षी, १९४२ मध्ये, शं. गो. तुळपुळे यांचा ‘यादवकालीन मराठी भाषा’ हा ग्रंथ आला. जुने मराठी वाङ्मय आणि शिलालेख यांच्या आधारे मराठीचा विचार मराठीतूनच करता येतो, हे त्या ग्रंथाने दाखवून दिले. ब्लॉक यांची दृष्टी तौलनिक होती व त्यांचा आवाका मोठा होता, यात शंका नाही. पण यादवकालीन प्रयोगांची जी बारीक ओळख तुळपुळ्यांपाशी आढळते ती पॅरिसमध्ये बसून येणारी नव्हती.

याच सुमारास मुंबईत संशोधनाची स्वदेशी परंपरा रुजू लागली होती. विद्यापीठाचा अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभाग १९१९ साली सुरू झाला. केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आलेले गो. स. घुर्ये १९२४ मध्ये समाजशास्त्राचे प्रमुख झाले आणि पुढील कित्येक वर्षे एकामागून एक प्रबंध त्यांच्या हाताखाली तयार झाले. भारतीय राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी उलगडणारा अ. र. देसाई यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ हा त्यांपैकीच एक. पुण्यास डेक्कन कॉलेजचे १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून पुनरुज्जीवन झाले आणि भाषाशास्त्राला एक हक्काचे घर मिळाले. या दोन्ही ठिकाणी विद्यार्थी संस्थेच्या नावापेक्षा विशिष्ट गुरूच्या नावाने ओळखला जाई, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सोनारीच्या विद्यार्थ्याला मात्र यांतले काहीच जवळचे नव्हते. परंडा निजामाच्या राज्यात होता; शेजारची बार्शी मुंबई इलाख्यात होती. बाजारहाटासाठी जी सीमा सहज ओलांडली जाई तीच शिक्षणाच्या बाबतीत दोन जगांची सीमा होती. बार्शीचा विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी परीक्षांकडे पाही. परंड्याच्या विद्यार्थ्याचे विद्यापीठ हैदराबादेस, १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया. उच्च शिक्षण देशी भाषेतून देण्याचा उस्मानियाचा प्रयोग धाडसी होता आणि त्यासाठी उभारलेल्या भाषांतर विभागाने केलेले परिभाषेचे काम आजही अभ्यासण्यासारखे आहे. पण ती देशी भाषा उर्दू होती. ज्या संस्थानात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारे मिळून बहुसंख्य होते तेथे उर्दू ही अनेकांना इंग्रजीइतकीच शिकून घ्यावी लागणारी भाषा ठरली. घरात मराठी, कचेरीत व वर्गात उर्दू, आणि पदव्युत्तर ग्रंथ इंग्रजी, असा तिहेरी भार घेऊन मराठवाड्याच्या दोन पिढ्या शिकल्या. संशोधनाच्या दृष्टीने याचा एक लाभही झाला, तो नाकारता येत नाही : फारसी-उर्दू दप्तरे वाचू शकणारे मराठी अभ्यासक याच प्रदेशात तयार झाले. आज तसे वाचक शोधावे लागतात.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यापूर्वीच, १९५० साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले होते. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. न्यायमूर्ती पळणीटकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनंतर २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि सुं. रा. डोंगरकेरी हे त्याचे पहिले कुलगुरू झाले. या विद्यापीठाच्या मराठी विभागाचे दीर्घकाळ प्रमुख असलेले यू. म. पठाण यांच्या स्वतःच्या प्रबंधाचा विषय मराठी बखरींवरील फारसीचा प्रभाव हा होता. मराठवाड्याच्या भाषिक इतिहासाशी इतका जुळणारा विषय क्वचितच दुसरा सापडेल. विद्यापीठाच्या नावाचा वाद, १९७८ चा विधिमंडळाचा ठराव, त्यानंतरची होरपळ आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार हा इतिहास सर्वविदित आहे. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले. धाराशिव जिल्हा मात्र औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडेच राहिला. २००४ साली धाराशिव येथे विद्यापीठाचे उपकेंद्र सुरू झाले. त्याच साली सोलापूरला विद्यापीठ निघाल्यामुळे बार्शीच्या महाविद्यालयांचे विद्यापीठही बदलले. जुनी संस्थानी सीमा नकाशावरून पुसली गेली, पण परंड्याचे विद्यापीठ एक आणि बार्शीचे दुसरे, ही स्थिती कायम आहे. फरक एवढाच की पीएच्.डी.साठी विद्यार्थ्याने आपल्याच जिल्ह्याच्या विद्यापीठात जावे असे बंधन नाही. सोनारीच्या विद्यार्थ्याने दोन्हीकडच्या जाहिराती पाहाव्यात.

आता प्रवेशाची रीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच्.डी.विषयी २००९, २०१६ आणि २०२२ साली नियम केले. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी एम्.फिल्. ही पदवी बंद झाली. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची, किंवा चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी उत्तीर्ण असलेला विद्यार्थी अर्ज करू शकतो. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटक यांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असल्यास पदव्युत्तर पदवीवाचूनही अर्ज करता येतो. त्यानंतरची पायरी परीक्षेची. विद्यापीठाने स्वतःची परीक्षा घेतल्यास तिचा निम्मा भाग संशोधनपद्धतीवर आणि निम्मा विषयावर असतो, आणि निवडीत लेखी परीक्षेला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार दिला जातो. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीस पात्र ठरलेल्यांची निवड मुलाखतीवर होते. २०२४ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, म्हणजे ‘नेट’चे, गुणही पीएच्.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याची सोय झाली आहे. अधिछात्रवृत्ती न मिळालेल्यांचे हे गुण या कामासाठी एक वर्षच चालतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

परीक्षेच्या तयारीचे वर्ग गावोगाव चालतात. परंतु प्रवेशाचा निर्णय बहुधा परीक्षेच्या खोलीत होत नाही. तो होतो मार्गदर्शकाकडील रिकाम्या जागेवर. नियमाप्रमाणे प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि सहायक प्राध्यापकास चार संशोधक विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीस तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकास नवा विद्यार्थी घेता येत नाही. समजा, एखाद्या विभागात प्रत्येक श्रेणीचा एकेक अध्यापक आहे. त्यांच्या जागा एकूण अठरा झाल्या. प्रत्येक विद्यार्थ्याने सहा वर्षांची पूर्ण मुदत घेतली, तर सरासरीने वर्षाला तीनच जागा मोकळ्या होतात, आणि त्या तिघांतही आरक्षण व विषयाचा मेळ पाहावा लागतो. अध्यापकांची पदे रिक्त राहिली की गणित आणखीच आक्रसते. म्हणून अर्जदाराने जाहिरातीतील परीक्षेच्या तारखेइतकेच रिक्त जागांच्या यादीकडे लक्ष द्यावे; विद्यापीठाने ती विषयवार जाहीर करणे नियमानेच आवश्यक आहे. त्या अध्यापकांनी काय लिहिले आहे आणि त्यांच्याकडे पूर्वी कोणते प्रबंध झाले आहेत, हे अर्जापूर्वीच पाहून ठेवावे. घुर्यांच्या काळी विद्यार्थी गुरू पाहून विभागात येई. आज तो विभागात येतो आणि मग गुरू वाट्याला येतो. निदान संशोधन-आराखडा लिहिताना तरी जुनी रीत पाळणे शहाणपणाचे ठरेल.

प्रवेशानंतर किमान बारा श्रेयांकांचा पाठ्यक्रम असतो. त्यात संशोधनपद्धती आणि संशोधन व प्रकाशनाची नीती यांचा अंतर्भाव होतो, व त्यात किमान ५५ टक्के गुण मिळवावे लागतात. प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळतात, आणि स्त्रियांना व चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. स्त्री-संशोधकांना पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपनाची रजा आहे, आणि विवाहामुळे वा अन्य कारणाने स्थलांतर करावे लागल्यास संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेता येते. परंड्यासारख्या तालुक्यातून येणाऱ्या मुलींच्या बाबतीत ही शेवटची तरतूद विशेष महत्त्वाची आहे, आणि ती माहीत नसल्यामुळेच नोंदणी सोडून देण्याची पाळी कोणावर येऊ नये. नोकरदारांना कार्यालयाचे संमतिपत्र घेऊन अंशकाल नोंदणी करता येते. दूरशिक्षणाने मात्र पीएच्.डी. होत नाही.

पैशाचा प्रश्न बाबासाहेबांच्या काळाइतका एकाकी राहिलेला नाही. अधिछात्रवृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये झाली. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यांची निवड स्वतंत्र असते आणि वेळापत्रक विद्यापीठाच्या वेळापत्रकाशी जुळतेच असे नाही. यासाठी नोंदणीची पत्रे पहिल्या दिवसापासून नीट लावून ठेवावीत.

प्रबंध दाखल झाल्यावर तो मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो आणि अनुकूल अहवाल आल्यावर खुली मौखिक परीक्षा होते. एका परीक्षकाने प्रतिकूल मत दिल्यास पर्यायी परीक्षक नेमला जातो. ही सर्व प्रक्रिया सहा महिन्यांत उरकावी, असे नियम म्हणतो. वाङ्मयचौर्याविषयी २०१८ चे निराळे नियम आहेत. यंत्राने दाखविलेल्या साम्याच्या टक्केवारीपेक्षा, टिपण घेतानाच कोणते वाक्य कोणाचे हे लिहून ठेवण्याची सवय अधिक उपयोगी पडते, हे मराठीत लिहिणाऱ्यांनी तरी ओळखावे. कारण देवनागरी मजकुराच्या बाबतीत यंत्राची नजर अद्याप तितकी तीक्ष्ण नाही.

आणि अखेरीस प्रबंधाच्या भाषेचा विषय. मराठी विभागाबाहेर, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र या विषयांतही, मराठीत लिहिलेले प्रबंध आज ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात मोठ्या संख्येने वाचावयास मिळतात. सोनारीच्या विद्यार्थ्याने भैरवनाथाची परंपरा मराठीत लिहिली तर कमळाजीची कथा सांगणाऱ्यालाच ती वाचता येईल. इंग्रजीत लिहिली तर हायडेलबर्गला वाचता येईल. यांपैकी कोणता वाचक आधी, हे आराखडा लिहितानाच ठरवावे लागते, कारण उदाहरणे कशी उतरवून घ्यावयाची, ओवीचा पाठ बोलीतल्या उच्चारासह ठेवावयाचा की प्रमाण करून घ्यावयाचा, हे सारे त्या निर्णयावर अवलंबून आहे. दोन्ही साधावयाचे असल्यास मूळ पाठ बोलीत, विवेचन मराठीत आणि विस्तृत सारांश इंग्रजीत, हा मार्ग व्यवहार्य आहे.

प्रबंधाची विद्युत्प्रत शोधगंगेत जमा करणे आज बंधनकारक आहे. क्षेत्रकार्यात जमविलेली ध्वनिमुद्रणे, गायकांनी म्हटलेले पाठ, छायाचित्रे व टिपणवह्या कोठे ठेवाव्यात, याविषयी मात्र आयोगाच्या २०२२ च्या नियमांत काही सांगितलेले नाही. ती बहुधा संशोधकाच्या घरीच राहतात. धाराशिवच्या उपकेंद्रात किंवा परंड्याच्या एखाद्या महाविद्यालयीन ग्रंथालयात त्यांची एक प्रत ठेवण्याची सोय विभागाने आपल्या अधिकारात करावयास हरकत नाही, आणि आराखड्यावरील चर्चेच्या वेळीच मार्गदर्शकाने हा प्रश्न विद्यार्थ्याला विचारावा.